दोन सेकंदांचा हिशेब : दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांचा मारा कसा मोजायचा?

‘थ्री नॉट थ्री’ हे नाव महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पोलीस ठाण्याच्या दारात, निवडणुकीच्या बंदोबस्तात, लाकडी दस्त्याची ती लांब रायफल आपण पाहिलेली असते. थ्री नॉट थ्री म्हणजे नळीचा आतला व्यास ०.३०३ इंच, आपल्या मापात ७.७ मिलिमीटर. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तिची काडतुसं इंग्रजांच्या काळापासून बनत आली. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात स्पिटफायर आणि हरिकेन विमानांनी जर्मन बाँबर पाडले, ते याच मापाच्या काडतुसाने.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चकित झालो होतो. माणसावर झाडायची गोळी, तिने दोन इंजिनांचं विमान कसं पडेल? या एका प्रश्नामागे लागलो आणि लढाऊ विमानांच्या बंदुकांचा अख्खा विषय उलगडत गेला. त्यात माझी एक गोष्ट पक्की झाली. ‘सर्वांत चांगली बंदूक कोणती?’ असं विचारून हाती काही लागत नाही. मिलिमीटर मोजून तर नाहीच. आधी विचारायचं ते असं : समोर कोणतं विमान आहे, ते किती वेळ नेमात राहणार आहे, आणि आपल्या विमानाला किती ओझं पेलवणार आहे?

वेळेपासून सुरुवात करू, कारण बाकीचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीची लढाऊ विमानं दोन पंखांची होती, एकावर एक. त्यांना साधारणपणे दोन मशीनगन असत, पहिल्या महायुद्धात होत्या तशाच. पण विमानांचा वेग झपाट्याने वाढत होता. ताशी ५०० किलोमीटरने उडणाऱ्या विमानातून तशाच वेगवान शत्रूवर नेम धरायचा, तर तो नेमात राहणार किती वेळ? ब्रिटिश हवाई मंत्रालयातले राल्फ सोर्ली यांनी धरलेलं उत्तर होतं, फार तर दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत जे होईल ते होईल, दुसरी संधी मिळेलच असं नाही.

याच मंत्रालयात कॅप्टन फ्रेड हिल नावाचे शास्त्रीय अधिकारी होते. १९३४ साली त्यांनी गोळीबाराच्या चाचण्यांचे आकडे घरी आणले आणि आपल्या १३ वर्षांच्या मुलीला, हेझलला, सोबत घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर हिशेब मांडला. मुलीचं गणित चांगलं होतं. दोन बंदुका पुरणार नाहीत, चारही पुरणार नाहीत, मिनिटाला किमान १००० गोळ्या झाडणाऱ्या आठ बंदुका हव्यात, असं त्या हिशेबातून निघालं. आठ बंदुका हा आकडा तेव्हा अनेकांना अवाजवी वाटत होता. सहा वर्षांनी स्पिटफायर आणि हरिकेनच्या पंखांत त्या आठ बंदुका होत्या. हेझल पुढे डॉक्टर झाली. तिच्या वाट्याचं श्रेय जगापुढे यायला मात्र कितीतरी दशकं लागली, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तो हिशेब नेमका कसा असेल याचा अंदाज आपल्यालाही साध्या गुणाकार-भागाकाराने घेता येतो. शत्रूचं लढाऊ विमान आपल्या समोरून आडवं चाललं आहे, ताशी ५०० किलोमीटरने. म्हणजे सेकंदाला १३९ मीटर. आपल्याकडे एकच तोफ आहे, म्हणजे स्फोटक गोळे झाडणारी मोठ्या व्यासाची बंदूक, आणि ती सेकंदाला १० गोळे सोडते. म्हणजे दोन गोळ्यांमधल्या वेळात शत्रू जवळजवळ १४ मीटर पुढे सरकतो. त्याची लांबी ९ मीटरच्या आसपास. नेम अगदी अचूक असला, तरी ते विमान दोन गोळ्यांच्या मधून सुखरूप निसटू शकतं! आता आठ ब्राउनिंग मशीनगन घ्या. एक बंदूक मिनिटाला सुमारे ११५० गोळ्या झाडते, म्हणजे आठ मिळून सेकंदाला दीडशे. दोन गोळ्यांमधलं अंतर एक मीटरच्या आत येतं. अशा जाळ्यातून निसटणं कठीण.

शिवाय नेम अचूक नसायचाच. गोळी सुटल्यापासून पोहोचेपर्यंत समोरचं विमान पुढे गेलेलं असतं, म्हणून त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेवर नेम धरावा लागतो. सेकंदाला ८७० मीटर वेगाचा गोळा ३०० मीटर अंतर कापायला साधारण ०.३५ सेकंद घेतो. तेवढ्यात आडवं जाणारं विमान ४८ मीटर पुढे पोहोचलेलं असतं, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या पाचपट. हा अंदाज डोळ्याने बांधायचा, तोही स्वतःचं विमान वळत असताना. बहुतेक वैमानिकांना ते जमत नसे, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. ज्यांनी पुष्कळ विमानं पाडली, त्यांच्यातल्या अनेकांनी हा अवघड हिशेब टाळायची युक्ती शोधली होती : शत्रूच्या मागे अगदी जवळ जाऊन मगच घोडा दाबायचा.

आता त्या आठ बंदुकांनी लढाईत काय साधलं ते पाहू.

थ्री नॉट थ्रीची गोळी ११ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ७४५ मीटर. तिची ऊर्जा ३१०० ज्यूलच्या आसपास भरते. विमानाचा ॲल्युमिनियमचा पत्रा ती सहज भेदते, पण मागे सोडते ते बोटाएवढं भोक. विमान म्हणजे बहुतांशी पत्र्याखालची पोकळी. नुसत्या भोकाने ते पडत नाही. गोळी वैमानिकाला, इंजिनाला, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याला किंवा पेट्रोलच्या टाकीला लागली तरच काम होतं. १९४० मध्ये जर्मन बाँबर अंगावर शंभरावर भोकं घेऊनही फ्रान्समधल्या तळावर परत पोहोचत होते.

त्यांनी दोन उपाय केले होते. एक, वैमानिक आणि गनर यांच्या पाठीमागे पोलादी चिलखत. गोळी मागून येते तेव्हा ती शेपटीचे पत्रे, सांगाडा, तारा यांना घासत येते, आडवी-तिडवी होते आणि तिची धार जाते. ब्रिटिशांनी आपल्याच ब्लेनहाइम विमानावर मागून गोळ्या झाडून हे तपासलं. जेमतेम एक तृतीयांश गोळ्या आतल्या चिलखतापर्यंत पोहोचल्या आणि त्यातल्याही फार थोड्या ते भेदू शकल्या. चिलखताची जाडी होती अवघी चार मिलिमीटर.

दुसरा उपाय मला अधिक कल्पक वाटतो, तो म्हणजे स्वतःचं भोक स्वतः बुजवणारी टाकी. टाकीभोवती कच्च्या रबराचा थर देतात. गोळी आरपार गेली की पेट्रोल त्या रबराला लागतं, पेट्रोल लागताच रबर फुगतं आणि भोक मिटतं. लहान भोकासाठी ही युक्ती फार चांगली, मोठ्या खिंडारापुढे मात्र तिचं काही चालत नाही.

इथे इंग्रजांच्या मदतीला बंदुकीपेक्षा गोळी आली. ‘डी वाइल्ड’ या नावाने ओळखली जाणारी आग लावणारी गोळी लंडनमधल्या वूलिच शस्त्रागाराच्या ऑब्री डिक्सन यांनी नव्याने घडवली होती. मूळ शोधकाचं नाव गुप्ततेसाठी तसंच ठेवलं होतं. ती आदळली की भडका उडे. पेट्रोलची वाफ पेटे हा एक फायदा. दुसरा फायदा तितकाच मोठा : भडका दिसला की आपली गोळी लागते आहे हे वैमानिकाला तत्क्षणी कळे. तोवरच्या धूर सोडणाऱ्या गोळ्या डोळ्याला फसवत असत. म्हणून मशीनगनची ताकद सांगताना काडतुसांच्या पट्ट्यात कोणत्या गोळ्या भरल्या होत्या हे सांगितलंच पाहिजे. तीच बंदूक, तोच व्यास, पण साध्या शिशाच्या गोळ्या आणि डी वाइल्ड यांच्यात फार मोठा फरक पडे.

तरीही रायफलीच्या गोळीचे दिवस भरत आले होते, आणि इंग्रजांना हे ठाऊक होतं. त्यांनी युद्धाआधीच फ्रान्सच्या हिस्पानो-सुइझा कंपनीची २० मिलिमीटरची तोफ निवडली होती. गोळा १३० ग्रॅमचा, वेग सेकंदाला ८७० मीटरच्या आसपास, ऊर्जा जवळजवळ ४९ हजार ज्यूल, म्हणजे थ्री नॉट थ्रीच्या पंधरापट. वर पोटात दहाएक ग्रॅम स्फोटक. कागदावर हे सगळं उत्तम होतं. पण ही तोफ मूळची इंजिनाच्या जड धुडावर घट्ट बसवायची होती, आणि स्पिटफायरचा पंख पातळ आणि लवचिक. तोफेचा ६० गोळ्यांचा गोल डबा त्या पंखात मावेना, म्हणून तोफ आडवी करून बसवली. मग रिकामी टरफलं नीट बाहेर पडेनात, तोफ अडकू लागली. १९४० च्या ऐन लढाईत १९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला अशी विमानं मिळाली होती. सप्टेंबरात त्या वैमानिकांनी आपली जुनी आठ मशीनगनची स्पिटफायर परत मागून घेतली. पंधरापट ताकदीची तोफ नको, रायफलीच्या गोळ्यांची बंदूक द्या, असं लढणारी माणसं म्हणाली. ऐन वेळी न चालणाऱ्या तोफेची ताकद शून्य धरावी लागते, हे त्यांना आकाशात कळलं होतं.

पुढे डब्याच्या जागी पट्टा आला, बसवण्याची पद्धत सुधारली, आणि १९४१ पासून हिस्पानो ब्रिटिश लढाऊ विमानांची मुख्य तोफ झाली. हरिकेनच्या एका प्रकारावर चार, टायफून आणि टेम्पेस्टवर चार. चार हिस्पानो सेकंदाला पाच किलोहून अधिक धातू सोडत. आठ ब्राउनिंगचा तोच आकडा होता पावणेदोन किलोच्या आत.

अमेरिकेने यातलं काहीच केलं नाही. त्यांच्या बहुतेक लढाऊ विमानांवर शेवटपर्यंत एकच बंदूक राहिली : अर्धा इंची, म्हणजे १२.७ मिलिमीटरची ब्राउनिंग. मस्टँगच्या ‘डी’ प्रकारावर सहा, थंडरबोल्टवर आठ. गोळी चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमची, ऊर्जा १६-१७ हजार ज्यूल, बंदुकीचं वजन २९ किलो. वजनाच्या मानाने ही बंदूक काही फार किफायतशीर नव्हती. सहा ब्राउनिंगचं वजन १७४ किलो, चार हिस्पानोंचं २००. या थोड्या जादा वजनात हिस्पानो दीडपट धातू फेकत, शिवाय स्फोटक वेगळं. अमेरिकी नौदलाने स्वतःच एक २० मिलिमीटरची तोफ तीन अर्धा इंची बंदुकांच्या बरोबरीची धरली होती.

मग त्यांनी ती बदलली का नाही? प्रयत्न केला होता. हिस्पानो त्यांनीही हजारोंनी बनवली, पण त्यांच्या नळीत काडतूस बसतं तो भाग ब्रिटिशांच्या तोफेपेक्षा किंचित लांब राहिला. त्यामुळे घोड्याचा टोला काडतुसावर हलका बसे आणि गोळा कित्येकदा उडतच नसे. फरक अवघा दीड-दोन मिलिमीटरचा. ब्रिटिशांनी दुरुस्ती सुचवली, पण अमेरिकी शस्त्रखात्याने ती मनावर घेतली नाही आणि बनवलेल्या तोफांचे ढीग गोदामात पडून राहिले.

पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, आणि अर्धा इंचीला कमी लेखणारे नेमके तेच विसरतात. अमेरिकी वैमानिकांना मोठे चार इंजिनांचे बाँबर पाडायचेच नव्हते, कारण तसे बाँबर जर्मनी-जपानकडे फारसे नव्हते. त्यांच्यासमोर होती एक इंजिनाची लढाऊ विमानं. जपानच्या झिरो विमानाच्या टाक्यांना तर रबराचं संरक्षणही नव्हतं. अशा विमानाला आग लावणाऱ्या चिलखतभेदी अर्धा इंची गोळ्या पुरेशा होत्या. सहा बंदुका मिळून सेकंदाला ऐंशी गोळ्या, मार्ग सरळ, गोळीबार वीस सेकंदांहून अधिक चालेल एवढा साठा, आणि साऱ्या फौजेत एकच काडतूस. त्यांच्या कामापुरतं ते उत्तर बरोबर होतं, असं माझं मत आहे. हीच बंदूक जर्मनांच्या हाती दिली असती, तर मात्र ते हतबल झाले असते.

कारण जर्मनांपुढचं काम नेमकं उलटं होतं. १९४३ पासून दिवसाउजेडी शेकडोंच्या थव्याने अमेरिकेचे बी-१७ बाँबर येऊ लागले. चार इंजिनं, प्रचंड मजबूत सांगाडा, आणि चहूबाजूंनी अर्धा इंची मशीनगन रोखून बसलेले गनर. जर्मनांनी विमानातल्या कॅमेऱ्यांच्या फिल्म तपासून दोन आकडे काढले. एक बी-१७ पाडायला २० मिलिमीटरचे सरासरी वीस गोळे लागावे लागतात. आणि सामान्य वैमानिकाने झाडलेल्या गोळ्यांपैकी शेकडा दोनच लागतात.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. वीस गोळे लागायला एक हजार झाडावे लागणार. फॉकेवुल्फ १९० या जर्मन लढाऊ विमानाच्या ‘ए-८’ प्रकारात २० मिलिमीटरच्या चार तोफा होत्या आणि चारींचे मिळून गोळे ८०० च्या आत. म्हणजे सरासरी वैमानिकाने सगळा साठा रिकामा केला, तरी एक बाँबर पडेलच याची खात्री नव्हती. आणि एवढा वेळ गनरांच्या माऱ्यात टिकायचं कसं?

जर्मनांनी यावर शोधलेलं उत्तर या सगळ्या विषयातलं सर्वांत हुशारीचं आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

तोफेचा साधा गोळा कसा बनतो? पोलादाच्या भरीव तुकड्याला आतून कोरून पोकळी करतात आणि तिच्यात स्फोटक भरतात. भिंती जाड राहतात. फुटला की जाड किरचा उडतात. हिस्पानोच्या १३० ग्रॅमच्या गोळ्यात स्फोटक दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शेकडा आठ. जर्मन अभियंत्यांनी वेगळा विचार केला. विमान म्हणजे बंद पत्र्याची पोकळी असेल, तर किरचांची गरजच काय? पोकळीत स्फोट होऊ दे, वायूचा दाबच पत्रा फाडेल. म्हणून गोळा कोरायच्या ऐवजी त्यांनी तो काडतुसाच्या टरफलासारखा ओढून बनवला : पातळ पण मजबूत पोलादी भिंती, आत जास्तीत जास्त स्फोटक. या गोळ्याला ते ‘मीनेनगेशोस’ म्हणत, म्हणजे सुरुंग-गोळा. वजन फक्त ९२ ग्रॅम, पण त्यात १८ ग्रॅमहून अधिक स्फोटक. म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा.

दिवाळीत सुतळी बाँब ज्यांनी वाजवलाय त्यांना हे लगेच कळेल. पत्र्याच्या डब्यावर ठेवून वाजवला तर डबा काळवंडतो, फार तर चेपतो. तोच डब्याखाली ठेवून वाजवला तर डबा उडतो आणि फुगून फाटतो. सुरुंग-गोळ्याची सगळी करामत या ‘आत’ शब्दात आहे. त्याचा फ्यूज क्षणभर उशिराने पेटेल असा केलेला होता, म्हणजे पत्रा भेदून आत शिरल्यावरच स्फोट व्हावा. आतल्या दाबाने पंखाचा पत्रा सुटला की उरलेलं काम समोरून येणारा वारा करतो, आणि तो सुटलेला पत्रा सोलून काढतो. रबराच्या टाकीची युक्तीही इथे हरते, कारण फुगून मिटायला भोक नसतं, टाकीच फाटलेली असते.

१९४० च्या उन्हाळ्यात हा गोळा पहिल्यांदा मेसरश्मिट १०९ या जर्मन लढाऊ विमानाच्या तोफांतून उडाला, आणि पुढे मौसर कंपनीच्या एमजी १५१/२० या तोफेला तो फार शोभला. उणीवही होती. पातळ भिंतीचा गोळा चिलखत भेदत नाही. पूर्व आघाडीवर रशियाचं इल्यूशिन-२ हे चिलखती विमान समोर आलं की जर्मनांना पट्ट्यात दुसऱ्या प्रकारचे गोळेही लागत.

मग त्यांनी हीच कल्पना मोठी केली. ३० मिलिमीटरची एमके १०८. गोळा ३३० ग्रॅमचा, त्यात ७० ग्रॅमहून अधिक स्फोटक. असे चार गोळे लागले की बी-१७ पडे, लढाऊ विमानाला तर एकच पुरे. तरी तोफेचं वजन फक्त ६० किलोच्या आसपास. हे कसं जमलं? नळी आखूड ठेवली, दारू कमी भरली, आणि तोफेचे पुष्कळसे भाग पत्रा दाबून बनवले. युद्धात होरपळलेल्या कारखान्यांना तेच परवडत होतं. मोठ्या ताकदीच्या तोफेला लागणारा जड सांगाडा टाळल्यामुळे ती लहानशा मेसरश्मिटच्या नाकातही बसली.

किंमत मोजावी लागली ती वेगात. गोळा सेकंदाला सुमारे ५०५ मीटरनेच निघे. याचा अर्थ काय? हवेचा अडथळा अजिबात धरला नाही, तरी ५०० मीटर जाईपर्यंत हा गोळा गुरुत्वाकर्षणाने जवळजवळ पाच मीटर खाली येतो. हिस्पानोचा गोळा तेवढ्याच अंतरात दीड मीटरच्या थोडा पलीकडे उतरतो. खऱ्या हवेत दोन्ही आकडे वाढतात, आणि मंद गोळ्याचा जास्त वाढतो. वळणाऱ्या, गिरक्या घेणाऱ्या लढाऊ विमानावर अशा तोफेने नेम धरणं म्हणजे नशीब आजमावणं. पण बाँबरचा थवा सरळ रेषेत, एका वेगाने, पंखाला पंख लावून चाललेला असतो. त्याच्यासाठी ती चालत होती.

मेसरश्मिट २६२ या जेट विमानाच्या नाकात अशा चार तोफा होत्या. सेकंदाला चाळीस गोळे, म्हणजे तेरा किलो! गोळे एकूण ३६०. शेकडा दोनचा तोच जुना हिशेब लावला तरी चार गोळे लागायला २०० झाडावे लागतात, म्हणजे पाच सेकंद. आणि इथे पुन्हा घड्याळ आडवं येतं. जेट ताशी ८५० किलोमीटरने येतं, बाँबर साडेतीनशेच्या आसपास. अंतर सेकंदाला १३९ मीटरने मिटतं. ६०० मीटरवर मारा सुरू केला, तर धडक टाळायला वळेपर्यंत तीनएक सेकंदच मिळतात. वेग वाढवून जे कमावलं, त्यातला काही भाग नेम धरण्याच्या वेळात गेला.

जपानच्या झिरोची अडचण निराळी होती, आणि ती बंदुकीच्या एकट्या आकड्यात दिसत नाही. त्याच्या पंखांत २० मिलिमीटरच्या दोन तोफा, नाकावर ७.७ च्या दोन मशीनगन. तोफेचा गोळा सेकंदाला ६०० मीटरने निघे, मशीनगनची गोळी साडेसातशेच्या आसपास. म्हणजे एकाच नेमाने दोन्ही एका जागी पोहोचत नसत. सुरुवातीला प्रत्येक तोफेला गोळे साठच. सात सेकंदांत ते संपत, आणि मग दणकट अमेरिकी विमानांपुढे रायफलीच्या मापाच्या दोन बंदुका उरत. पुढे लांब नळीची, जास्त वेगाची तोफ आली, तोवर समोरची विमानंही बदलली होती.

रशियाची रीत मला आवडते. त्यांची विमानं हलकी, तोफा एक-दोनच, पण सगळ्या नाकाजवळ एकवटलेल्या. २० मिलिमीटरची श्वाक तोफ मिनिटाला ८०० गोळे झाडे. मिखाईल बेरेझिन यांनी आपल्या १२.७ च्या बंदुकीवरूनच २० मिलिमीटरची बी-२० घडवली. गोळा आणि वेग श्वाकचाच, वजन मात्र ४२ किलोवरून २५ वर आणलं. हलक्या विमानात वाचलेला एकेक किलो चढाईत आणि वळण्यात परत मिळतो.

‘नाकाजवळ’ या शब्दाचं महत्त्व सांगायला हवं. बंदुका पंखांत असल्या की त्यांच्या रेषा समोर कुठेतरी एकत्र आणाव्या लागतात. ब्रिटिशांचं अधिकृत अंतर सुरुवातीला ४०० यार्ड होतं, म्हणजे साधारण ३६५ मीटर. दक्षिण आफ्रिकेचा ॲडॉल्फ मॅलन याच्यासारख्या मुरलेल्या वैमानिकांनी ते २५० यार्डांवर आणलं आणि त्याचा परिणाम लगेच दिसला. त्या बिंदूच्या अलीकडे-पलीकडे मारा विखुरतो. नाकातल्या तोफांना ही अडचण नाही, त्यांची धार सरळ जाते. पण नाकापुढे पंखा फिरत असतो. त्याच्या पात्यांमधून गोळी सोडायची तर पातं समोर आल्यावर बंदूक रोखणारी यंत्रणा लागते, आणि ती बंदुकीचा गोळ्या झाडण्याचा वेग कमी करते. अमेरिकेच्या अर्धा इंचीचा वेग अशा वेळी फार घसरे, रशियाच्या आणि मौसरच्या तोफांचा कमी. मेसरश्मिटने एक तोफ पंख्याच्या मधल्या पोकळ दांड्यातून काढली. अमेरिकेच्या लाइटनिंग विमानाला दोन इंजिनं बाजूला होती, म्हणून नाक मोकळं मिळालं.

पंखातल्या बंदुकांचा आणखी एक शत्रू होता थंडी. उंचावर तेल गोठे, बंदुका अडकत. म्हणून स्पिटफायरच्या बंदुकांच्या तोंडावर उड्डाणापूर्वी कापडाच्या लाल पट्ट्या चिकटवत, इंजिनाची ऊब पंखात सोडत. विमान परतताना पट्ट्या फाटलेल्या दिसल्या की खाली वाट पाहणाऱ्या आर्मररना कळे, आज गोळीबार झालाय, पट्टे भरायला घ्या.

युद्ध संपताना मौसरच्या अभियंत्यांच्या टेबलावर एक अपुरी तोफ होती, एमजी २१३. रिव्हॉल्व्हरसारखी फिरणारी पाच घरं, म्हणून एक गोळा उडत असताना पुढचे भरले जात. गोळा मोठा की मारा दाट, ही वर्षानुवर्षांची ओढाताण तिने बरीच सोडवली. विजेत्यांनी ती उचलली आणि ब्रिटनमध्ये तिची ३० मिलिमीटरची एडन झाली. ती भारतीय हवाई दलातही आली : नॅट या लढाऊ विमानावर दोन, हंटरवर चार. हंटरच्या चार एडन सेकंदाला ऐंशी गोळे सोडत, वजन भरे सुमारे अठरा किलो, १९४० च्या स्पिटफायरच्या दहापट. गोळे प्रत्येक तोफेला १५० च्या आसपास, म्हणजे सात-आठ सेकंदांचे.

५ डिसेंबर १९७१ च्या सकाळी जैसलमेरहून उडालेल्या हंटरना लोंगेवालाच्या वाळूत समोर विमान नव्हतं, रणगाडे होते. रॉकेटं संपली की वैमानिक तोफांवर येत. रणगाड्याचं पुढचं चिलखत या गोळ्यांना दाद देत नाही, पण वरचा आणि मागचा पत्रा पातळ असतो, आणि हंटर वरूनच येत होते.